अक्कांचा पाय आणि तेवीस मासे

कारखान्यात त्याला सगळे जावईबुवा म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. याचं कारण अक्का. अक्का म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण, नात्याने त्याची आकडसासू. चष्म्याच्या काचा घासायच्या त्या कारखान्यात तिची एकतीस वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांपूर्वी तिनेच त्याला तिथे चिकटवून दिलं. पहिल्याच दिवशी भरल्या कारखान्यात तिने हाक मारली, जावईबुवा, इकडे या, हे तुमचं टेबल. झालं! आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव त्या दिवशी दारातच गळून पडलं.

त्याचं काम प्रोग्राम लिहिण्याचं आणि जोडधंदा लोकांच्या खोड्या काढण्याचा. वय सत्तेचाळीस, पोट सुटलेलं, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस. पण आतलं वांड कार्टं काही केल्या मोठं व्हायला तयार नव्हतं. एकदा त्याने साहेबांच्या स्क्रीनवरचा बाण असा करून ठेवला, की ज्या बटणाकडे न्यावा त्याच्या उलट दिशेला पळायचा. साहेबांनी अर्धा दिवस त्याचा पाठलाग केला. आणखी एकदा जेवणाच्या खोलीबाहेर त्याने पाटी लावली, आज सर्वांची तपासणी, उपाशीपोटी थांबावे. बारा शहाणीसुरती माणसं बंद डबे पुढ्यात घेऊन दोन वाजेपर्यंत बसून राहिली. त्यामुळे व्हायचं काय, की त्याच्या शब्दाला किंमत शून्य. आग लागली असं त्याने जीव तोडून सांगितलं असतं, तरी लोक आधी हसले असते आणि मग वास घेतला असता.

अक्का बसायची मोठ्या चाकावर. बाकीच्या मशीनवर साध्या काचा निघायच्या. अवघड नंबरच्या, आडव्यातिडव्या वळणाच्या काचा फक्त अक्काच्या चाकावर. त्या चाकाला जावईबुवांनी लिहिलेला प्रोग्राम आकडे पुरवायचा. एक फेरा झाला की चाक पुढचा आकडा मागायचं, चाकापाठीमागच्या टेबलावरचा कॉम्प्युटर हिशोब करून तो द्यायचा. अर्ध्या मिनिटात आकडा मिळाला नाही तर चाक जागच्या जागी थांबायचं. आणि थांबलेल्या चाकाखाली काच असली की तिच्यावर गोल चरा उमटायचा. काच गेली.

चाक थांबायचं आणखी एकच कारण होतं, खालची पायपट्टी. तिच्यावरून पाय जरा उचलला की चाक थांबतं आणि चरा अगदी तसाच येतो. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं महाभारत याच्यावरूनच झालं.

तर गेल्या तीन आठवड्यांत अक्काच्या चाकावर एकेचाळीस काचा गेल्या. एकतीस वर्षांत तिच्या हातून गेल्या नसतील एवढ्या. वायरवाला म्हणून एक जण होता, कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा. त्याने चार वेळा येऊन माऊस हलवून, सगळं उघडून बघितलं. दर वेळी म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी. प्रोग्रामच्या नोंदीतही प्रत्येक आकड्यापुढे "दिला" असंच लिहिलेलं. मग उरलं काय? अक्काचा पाय.

साहेबांना लोक पाठीमागे भिंग म्हणायचे, कारण ते प्रत्येक गोष्ट डोळ्याजवळ धरून बघायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अक्काला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, गुडघे त्रास देत असतील, यात लाज कसली, येता आठवडा चाकावर काढा, त्याच्या पुढच्या सोमवारपासून पॅकिंगला बसा. खुर्चीवर मऊ उशीसुद्धा ठेवायला सांगितली. ती उशी अक्काला चरचरून लागली. ती तडक उठली. बाहेर येऊन जावईबुवांच्या टेबलापाशी थांबली.

"माझा पाय हललेला नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. तुम्हाला पटतंय का तेवढं सांगा."

"पटतंय," तो म्हणाला, आणि नेहमीसारखं पुढे काही चावट सुचलं नाही.

घरी बायकोने वेगळंच ऐकवलं. ती म्हणाली, अक्काने तुम्हाला टेबल मिळवून दिलं, आता तुम्ही तिचं चाक राखून द्या. नाहीतर या घरात तुमचे विनोद बंद आणि माझं हसणंही बंद. दुसरी धमकी जास्त भारी होती, कारण अठरा वर्षं तीच एकटी त्याच्या सगळ्या विनोदांना हसत आली होती. त्याने भाजी वाढून घेताना मनाशी गाठ मारली. शनिवारपर्यंत खरा चोर पकडायचा. हसायचं नंतर बघू.

सोमवारी आणि मंगळवारी तो अक्काच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसला. प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती भरलीय ते दाखवणारी खिडकी उघडली आणि डोळे ताणून बघत राहिला. मधूनच माऊस हलवून आणखी एखादा रकाना उघडायचा. दोन दिवसांत एकही काच गेली नाही. प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर पेंगत पडलेला. अक्काच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेवढ्यात साहेब आले आणि शांतपणे म्हणाले, बघा, कोणी शेजारी बसलं की पाय बरोबर पडतो. म्हणजे लक्ष देण्याचाच प्रश्न आहे ना?

करायला गेला एक आणि झालं भलतंच. अक्काच्या अंगावरचा ठपका त्याने स्वतःच्या हाताने पक्का केला होता.

मंगळवारी संध्याकाळी कारखाना सुटताना तो चाकाजवळ उभा राहून विचार करत होता. मी बसलो की चोर येत नाही. वायरवाला आला की चोर येत नाही. म्हणजे चोराला माणसाचा वास येतो. मग माणूस न बसवता पहारा बसवायचा. त्याने मांडीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी कारखाना उघडताच आपल्या खोलीतल्या टेबलाशी जाऊन बसला.

बुधवारी सकाळी तो ज्या खिडकीत रोज प्रोग्राम लिहायचा, त्याच खिडकीत त्याने वीस-पंचवीस ओळींचा एक पहारेकरी लिहिला. काम एकच. दर सेकंदाला चाकाच्या कॉम्प्युटरला विचारायचं, प्रोसेसर किती टक्के गुंतलाय, मेमरी किती उरलीय, आणि उत्तर वेळेसकट फाईलीत टाकायचं. कोणाला हात लावायचा नाही, माऊस नाही, काही नाही. नुसतं दाराच्या फटीतून बघायचं. आकडे त्याच्या खोलीत, त्याच्या स्क्रीनवर, एकाखाली एक पडायला लागले.

दहा वाजता, अकरा टक्के. सव्वादहाला पन्नास. अकराला सत्तर, आणि मेमरी निम्मी भरलेली. साडेअकराला शहाण्णव टक्के आणि मेमरी जवळजवळ संपलेली. त्याच मिनिटाला बाहेर चाकाचा आवाज तुटला. अक्काने काच काढून उजेडात धरली आणि खाली ठेवली. बेचाळिसावी.

तो खुर्चीतून अर्धा उठला होता. आनंदाने ओरडणार तोच थांबला. किती खाल्लं हे कळलं होतं, पण खाणारा कोण? त्याने पहाऱ्यात दोन ओळी वाढवल्या. ज्या क्षणी प्रोसेसर साठच्या वर जाईल, त्या क्षणी कुठला प्रोग्राम सगळ्यात जास्त खातोय, त्याचं नाव लिहायचं. जेवण झालं. अक्काने कोरड्या हातांनी दुपारच्या काचांच्या नंबरच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि ती पुन्हा चाकावर बसली. तो आपल्या स्क्रीनला नाक लावून बसला. सव्वातीनला नाव उमटलं.

"गंमत."

दुसऱ्या ओळीतही गंमत. तिसऱ्या ओळीतही. बासष्ट टक्के, गंमत.

तो खुर्चीसकट मागे सरकला. कारण हे नाव त्यानेच ठेवलं होतं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. अक्काचा एक कडक नियम होता, घासणीच्या दुधाळ पाण्याने हात ओले असताना माऊसला कोणी शिवायचं नाही. पूर्वी एकदा एक माऊस त्या पाण्याने मेला होता. म्हणून ती सकाळी आणि जेवणानंतर हात पुसून एकदाच सगळ्या चिठ्ठ्या भरायची आणि पुढे दोन-अडीच तास कॉम्प्युटरकडे पाठ. जावईबुवांनी म्हटलं, स्क्रीन रिकामी कशाला राहू द्यायची? त्याने एक प्रोग्राम लिहिला. दहा मिनिटं माऊस हलला नाही की स्क्रीनवर एक मासा पोहत यायचा. जाड, गंभीर, नाकावर चष्मा, आणि तोंड थेट साहेबांसारखं. कारखाना लोटपोट झाला. साहेबांनीही डोळ्याजवळ जाऊन बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. मग जो तो म्हणायला लागला, माझाही मासा कर. एकेक करत तेवीस झाले. वायरवाल्याचा मासा वायर गिळायचा. अक्काचा मासा सगळ्यांच्या पुढे, ताठ मानेने. लोक जेवणाच्या सुट्टीत खास बघायला यायचे.

म्हणजे चोर लपलेला नव्हताच. राजरोस पोहत होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तेही चष्म्याच्या कारखान्यात. वायरवाला आला की आधी माशांना हसायचा, मग तपासायला माऊस हलवायचा. माऊस हलला की मासे गुल, मेमरी मोकळी, मशीन ठणठणीत.

त्याने गंमतचं पोट उघडून बघितलं आणि दोन मिनिटांत चूक सापडली. मासे तोंडातून बुडबुडे सोडायचे. बुडबुडा वर जाऊन स्क्रीनबाहेर गेला की दिसायचा नाही, पण प्रोग्राम त्याला सोडायचा नाही. मेमरीत तसाच धरून ठेवायचा आणि दर क्षणाला त्याची जागा पुन्हा मोजायचा. एका माशाचे बुडबुडे खपून गेले. तेवीस माशांचे तास-दीड तासात लाखावर जायचे. मग बिचाऱ्या काचेच्या आकड्याला उभं राहायला जागा कुठून मिळणार? आकडा दिला जायचा, पण मिनिटभर उशिरा. नोंदीत "दिला" खरं होतं. कधी दिला, ते लिहायचं त्यालाच अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

आता सोपा रस्ता समोर होता. एक बटण दाबायचं, गंमत पुसायची. चरे बंद. कोणाला पत्ता लागला नसता.

त्याचं बोट बटणावर गेलंही. आणि तिथेच थांबलं. आज चरे बंद झाले, सोमवारी अक्का पॅकिंगला गेली, की साहेब काय म्हणणार? बघा, अक्का उठल्या आणि चरे थांबले. एकतीस वर्षांचा शिक्का एका दिवसात पुसला जाईल, तोही कायमचा. गंमत गुपचूप मारणं म्हणजे अक्काच्या पायावर स्वतःच्या हाताने सही करणं.

तो उठला आणि थेट साहेबांच्या खोलीत गेला. सगळं सांगितलं. मासे, बुडबुडे, फाईल, टक्के. साहेबांनी कागद डोळ्याजवळ धरला, सगळा वाचला आणि खाली ठेवला.

"जावईबुवा, नात्यासाठी माणूस काहीही करतो, मला कळतं," ते म्हणाले. "पण हे आकडे तुम्हीच लिहिलेल्या प्रोग्रामने लिहिलेत. पळणारा बाण पण तुमचाच होता ना?"

इतकी वर्षं पेरलेलं आज उगवलं होतं, तेही नको त्या दिवशी. पण तो हलला नाही. दारात उभं राहून म्हणाला, माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागदावरही ठेवू नका. शनिवारी सकाळी दीड तास द्या. तुम्ही खाली बसून फक्त अक्कांच्या पायाकडे बघायचं. मी चाकाजवळ येणार नाही. आणि माऊसला कोणी बोट लावणार नाही, तुम्हीसुद्धा.

साहेबांनी भिंगातून बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, आणि काही झालं नाही तर?

तो म्हणाला, तर सोमवारी अक्कांच्या शेजारी दुसरी उशी ठेवा, मीही पॅकिंगला बसतो, कायमचा.

अक्काला त्याने त्याच दिवशी सांगितलं. टाळायचा मोह खूप झाला, पण सांगितलं. ती हात पुसत ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, म्हणजे तीन आठवडे मी रात्री गुडघ्याला तेल चोळत बसले, ते तुमच्या माशांपायी. तो खाली मान घालून हो म्हणाला. ती म्हणाली, मान शनिवारपर्यंत खालीच ठेवा. आणि शनिवारपर्यंत दर अर्ध्या तासाला हात पुसून स्वतःच माऊस हलवत राहिली, त्यामुळे मधे एकही काच गेली नाही.

शनिवारी अख्खा कारखाना चाकाभोवती. अक्काने हात पुसून चिठ्ठ्या भरल्या. जावईबुवांनी दुरूनच वायरवाल्याला सांगून माऊसवर चष्म्याचा रिकामा खोका पालथा घालून घेतला. साहेब छोट्या स्टुलावर, गुडघे छातीशी, नजर पायपट्टीवर. जावईबुवांच्या खोलीचं दार उघडं ठेवलेलं, आतल्या स्क्रीनवर पहारेकऱ्याचे आकडे पडताहेत आणि वायरवाला दर पाच मिनिटांनी मोठ्याने वाचून दाखवतोय.

दहा मिनिटांनी मासे आले. कोणी हसलं नाही. जो तो आपापला मासा बघत उभा.

पस्तीस टक्के. पन्नास. एक काच नीट निघाली, दुसरी निघाली, सहावी निघाली. साहेबांनी स्टुलावर बैठक बदलली, पण नजर काढली नाही. त्रेसष्ट. पाऊण तास झाला तसा त्यांचा हात सवयीने खोक्याकडे गेला, नेमकं काय चाललंय ते जवळून बघायला. अक्काने मान न वळवता म्हटलं, "साहेब, हात." हात मागे आला. ऐंशी. मेमरी तीन चतुर्थांश. जावईबुवा भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून, जिभेवर आलेले सतरा विनोद गिळत.

सव्वा तास झाला. काहीच नाही. कोणीतरी खाकरलं. त्याला वाटलं, आज नेमके बुडबुडे दगा देणार. शनिवारी चोरालाही सुट्टी असेल कदाचित. पण तो जागचा हलला नाही. वायरवाल्याने वाचलं, ब्याण्णव. मग म्हणाला, सत्त्याण्णव, आणि मेमरी गेलीच म्हणा.

चाक थांबलं.

अक्काचा पाय पट्टीवर दाबलेला होता, पूर्ण, टाचेसकट. साहेबांनी वाकून बघितलं. बोट घालून बघितलं, पट्टी आणि जमीन यांच्यात फट आहे का. नव्हती. ते तसेच वाकलेले असताना, चाक थांबल्यावर चांगल्या चाळीस सेकंदांनी, आकडा आला आणि चाक पुन्हा गरगरलं. साहेबांनी काच हातात घेतली, डोळ्याजवळ धरली. गोल चरा.

मग त्यांनी स्वतःच खोका उचलला आणि माऊस हलवला. मासे गुल. आतून वायरवाल्याने वाचलं, अकरा टक्के.

साहेब गुडघे धरत स्टुलावरून उठले. अक्काकडे वळून म्हणाले, मी तुमच्या पायाला नावं ठेवली, चुकलं. सोमवारी चाकावरच बसा. एवढंच. पण सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून पुरेसं होतं. अक्काने मान हलवली, आणि ओले हात अगदी सावकाश, बोट बोट करून पुसले.

"आणि जावईबुवांचं काय?" तिने विचारलं.

साहेब म्हणाले, तुम्हीच ठरवा. तो तुमचा जावई.

सोमवारी सकाळी पॅकिंगच्या टेबलाशी, मऊ उशीवर, जावईबुवा बसला होता. पुढ्यात वाया गेलेल्या काचांचा ढीग, शनिवारची धरून त्रेचाळीस. अक्काची आज्ञा होती, ढीग संपेपर्यंत रोज सकाळी तासभर इथे बसायचं. एकेक काच पुसायची, खोक्यात घालायची आणि खोक्यावर स्वतःच्या अक्षरात लिहायचं, माशाने खाल्ली. बाकी दिवस आपलं काम, पहिलं म्हणजे नोंदीत वेळ टाकायचं. पहारेकरी मात्र चालू ठेवायचा, तो अक्काने काढू दिला नव्हता. त्याचे आकडे आता चाकाजवळच्या भिंतीवर कागदावर लागले होते आणि येणारीजाणारी माणसं ते चढलेत का बघत होती.

उशी खरंच मऊ होती. सातवं खोकं लिहून होत होतं तेव्हा अक्का पाणी प्यायला उठली आणि त्याच्याजवळ थांबली.

"माझा मासा पण मारलात?" तिने विचारलं.

त्याने खिशातून घडी काढून पुढे केली. साध्या कागदावर छापलेला, ताठ मानेचा, चष्म्यातला मासा. तोंड मिटलेलं. तो म्हणाला, बुडबुडे काढून टाकलेत, हा काही खात नाही.

अक्काने तो हातभर लांब धरून बघितला. मग मागे जाऊन, शाबासकीची थाप मारल्यासारखं करत, पॅकिंगच्या चिकटपट्टीने तो त्याच्याच पाठीवर चिकटवला आणि चाकाकडे निघून गेली. संध्याकाळपर्यंत कारखान्यात कोणीही त्याला ते सांगितलं नाही. घरी तो दारातून आत गेला तशी बायको त्याच्या पाठीमागून हसायला लागली, आणि पाठीवर काय आहे ते त्याला तेव्हा कळलं.